न उडणारा फ्यूज

नागरी सूचना विभागाच्या एकमेव ध्वनिवाहनाचा फ्यूज मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता उडाला. त्या वेळी वाहन जलवाहिनीच्या दुरुस्तीची सूचना देत होते. "उद्या पाणीपुरवठा सकाळी दहा ते" एवढे नागरिकांच्या कानी पडले आणि पुढे शांतता झाली. दहा ते किती, आणि मुळात चालू की बंद, हे न कळल्याने निम्म्या वस्तीने बादल्या, पातेली आणि फुलदाण्या भरून ठेवल्या. एका घराने तर हेल्मेटही भरले. त्या महिन्यात उडालेला हा सातवा फ्यूज होता.

ध्वनिवाहन म्हणजे एक जुनी पांढरी मोटार. पूर्वी तिच्या छतावर एक भोंगा होता. तो कर्कश होता, पण बिचारा थोडक्यात भागवायचा. मग नवे संचालक आले. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात एका सिग्नलला त्यांच्या गाडीशेजारी एका उत्साही माणसाची गाडी येऊन थांबली. तिच्यातल्या गाण्याने संचालकांच्या गाडीच्या काचा थरथरल्या आणि त्यांचा चष्मा नाकावरून खाली घसरला. दुसरा कोणी चिडला असता. संचालक प्रभावित झाले. कार्यालयात पोचताच ते म्हणाले, "सूचना अशी पाहिजे. कानाला नाही, बरगड्यांना कळली पाहिजे."

पंधरा दिवसांत भोंगा उतरला आणि मोटारीच्या डिकीत परातीएवढे दोन स्पीकर आणि सहाशे वॅटचा ॲम्प्लिफायर बसला. बसवणाऱ्याच्या कामाच्या यादीत वायरचा उल्लेख नव्हता. त्यामुळे वायर भोंग्याचीच राहिली.

वाहन चालवणाऱ्या माणसाला सगळे भाऊजी म्हणत. याचे कारण असे की दुरुस्तीशाळेत वायरिंगचे काम करणाऱ्या बाई त्याला भाऊजी म्हणत. त्या बाईंना सगळे वहिनी म्हणत, कारण तो त्यांना वहिनी म्हणे. त्या दोघांपुरते नाते खरे होते. तो त्यांच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. पण दुरुस्तीशाळेतल्या साठही माणसांनी ते परस्पर मंजूर करून घेतले होते, आणि एकदा तर वरिष्ठ कार्यालयातून 'श्रीमती वहिनी, वायरिंग विभाग' अशा पत्त्याचे पाकीटही आले होते. नवरा गेल्यावर वहिनी त्याच्या जागी लागल्या. पहिले वर्षभर त्यांना फक्त चहा करायला सांगत. दुसऱ्या वर्षी चहाची शेगडी बिघडली, ती त्यांनी उघडून दुरुस्त केली, आणि तेव्हापासून चहा बंद झाला व वायरिंग सुरू झाले. त्याला आता अठरा वर्षे होत आली होती.

भाऊजी मात्र अकरा वर्षे हंगामी होता. या वर्षी त्याचे नाव कायम होणाऱ्यांच्या यादीत होते. अट एकच होती: वर्षभरात वाहन बंद पडल्याची बारावी नोंद होता कामा नये. फ्यूज उडाला की बाजा बंद, आणि बाजा बंद म्हणजे ध्वनिवाहन बंद, असा अर्थ आस्थापना शाखेने लावला होता. सात फ्यूज, सात नोंदी.

"वहिनी, गेला परत," मंगळवारी तो दुरुस्तीशाळेत शिरत म्हणाला. त्याच्या तळहातावर जळका फ्यूज होता.

"आवाज किती ठेवला होता?"

"साहेबांनी सांगितलाय तेवढा. फुल्ल."

वहिनींनी कामाच्या कार्डाच्या मागे आकडे मांडले. "सहाशे भागिले बारा, पन्नास. वर हा ॲम्प्लिफायर स्वतः तापण्यात थोडं खातो, म्हणजे साठ-पासष्ट ॲम्पिअर धरा. आणि आपण घालतोय तीसचा फ्यूज. उडणारच की."

"मग पासष्टचा घाला!"

"घालते. आणि हिचं काय करू?" त्यांनी बॉनेटखालून लाल वायर ओढून दाखवली. बॉलपेनच्या कांडीएवढी जाड असेल. "ही तीस सोसते. त्याच्यावर गेली की तापते, वितळते, पेटते. फ्यूज वायर बघून निवडायचा असतो भाऊजी, बाजा बघून नाही. वायरीच्या आधी त्यानं मरायचं, एवढंच त्याचं काम."

"त्याचं काम होतंय वहिनी. पण माझं जायची वेळ आलीय."

वहिनींनी त्याच दिवशी चार ओळींचा अर्ज लिहिला. वायर बदलून करंगळीएवढी जाड टाकावी. बॅटरीपासून वीतभराच्या आत ऐंशीचा फ्यूज बसवावा. तोवर आवाज निम्म्याच्या खाली ठेवावा. चौथ्या ओळीत 'आपली विश्वासू'.

अर्ज उपसंचालकांकडे गेला. उपसंचालक हे नियम पाठ असलेले गृहस्थ होते. त्यांनी वहिनींना बोलावून घेतले.

"तुमचं म्हणणं पटतंय," ते म्हणाले. "पण वायर ही वाहनाला कायमची जोडलेली असते. म्हणजे ती वाहनाचा भाग. वाहनाच्या भागात बदल म्हणजे रचनात्मक बदल. त्याला मुख्यालयाची परवानगी लागते. मागच्या वेळी वायपरसाठी मागितली होती. चौदा महिन्यांनी आली, तीही आरशासाठी."

"आणि फ्यूज?"

"फ्यूज बोटांनी काढता येतो. म्हणून तो किरकोळ साहित्यात. टाचण्या, खोडरबर, फ्यूज, सगळं एकाच यादीत. तो मी आज बदलू शकतो." त्यांचा चेहरा उजळला. "तेव्हा प्रश्न वायरीचा असला तरी उत्तर फ्यूजमध्येच शोधावं लागेल."

"साहेब, मग आवाज तरी कमी ठेवू द्या."

"आवाज संचालकांच्या अखत्यारीत येतो."

उत्तर शोधण्यासाठी फ्यूज निर्धारण समिती नेमण्यात आली. तिच्यात उपसंचालक, आस्थापना अधिकारी बाई आणि भांडारपाल असे तीन सदस्य होते. वहिनींना 'विषयतज्ज्ञ' म्हणून बोलावण्यात आले. विषयतज्ज्ञांना मताचा अधिकार नव्हता. बोलण्याचा होता, पण विचारले तर.

बैठकीत आस्थापना अधिकारी बाईंनी उडालेले सातही फ्यूज एका पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले आणि चष्म्यातून त्यांच्याकडे असे पाहिले की फ्यूजनी मान खाली घालावी. "एका महिन्यात सात वेळा काम अर्धवट टाकून जाणं," त्या म्हणाल्या. "आणि नेमकं कामाचा ताण वाढला की. गाडी सुरू करताना उडाला नाही, दुपारी गाडी उभी असताना उडाला नाही. आवाज वाढवला की उडतो. ही वृत्ती आहे."

"माझ्याकडे पंधराचे चाळीस पडलेत," भांडारपाल म्हणाले. "तेच घाला की दोन-दोन, चार-चार."

उपसंचालकांनी सर्वांना आकडा विचारला. त्यांचा स्वतःचा शंभर होता, कारण शंभर हा पूर्ण आकडा वाटतो. भांडारपालांचा पंधरा होता, कारण तो शिल्लक होता. आस्थापना अधिकारी बाईंनी आकडा सांगितला नाही.

"आकड्यात अडकू नका," त्या म्हणाल्या. "आपल्याला तीसचा नको, शंभरचा नको. आपल्याला न उडणारा पाहिजे."

इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली कशी नाही, असा भाव बाकी दोघांच्या तोंडावर होता. वहिनींनी हात वर केला. त्यांना कोणी विचारले नाही. ठराव एकमताने संमत झाला: 'उडणे हा फ्यूजमधील मूलभूत दोष असून यापुढे विभागाने न उडणारा फ्यूजच खरेदी करावा. पुरवठादाराने एक वर्ष न उडण्याची लेखी हमी द्यावी.'

पुरवठादार हुशार होता. त्याने मागणीपत्र दोनदा वाचले आणि तिसऱ्या दिवशी एका सुबक डबीत माल हजर केला. वर पारदर्शक झाकण, आत चकचकीत पट्टी. हमीपत्र एक नव्हे, दहा वर्षांचे होते.

वहिनींनी झाकण काढून पट्टी नखाने खरवडली. "ही तांब्याची पट्टी आहे," त्या दुरुस्तीशाळेच्या अधीक्षकांना म्हणाल्या. "दाराच्या कडीएवढी जाड. हिने गाडी ओढून नेता येईल."

"पण उडणार नाही ना?"

"ही? हिच्याभोवतीची गाडी जळून जाईल, ही उडणार नाही."

"मग मागणीप्रमाणेच माल आहे," अधीक्षक म्हणाले आणि त्यांनी पोच दिली.

वहिनींनी पट्टी बसवायला नकार दिला. नकार लेखी द्यावा असे त्यांना सांगण्यात आले. नोंदवहीत दोनच रकाने होते, 'काम पूर्ण' आणि 'काम प्रलंबित'. नकाराला रकाना नव्हता. तीन दिवस वहिनी रोज समासात 'नकार' लिहीत होत्या आणि कारकून रोज तो खोडून 'प्रलंबित' लिहीत होता. तीन दिवस ध्वनिवाहन उभे होते आणि भाऊजीच्या नावावर रोज एक नोंद चढत होती.

रविवारी दुपारी वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. भाऊजी बादलीतून एकेक कपडा पिळून त्यांच्या हातात देत होता.

"वहिनी, दहा नोंदी झाल्या."

"ठाऊक आहे."

"यादी या महिन्याअखेर लागणार. यंदा नाही झालं तर वयात बसत नाही मी. मग जन्मभर हंगामी." त्याने एक शर्ट गरजेपेक्षा जास्त पिळला. "बसवून टाका ना ती पट्टी. मी लक्ष ठेवीन. वास आला की बंद करीन."

"वास येईल तेव्हा उशीर झालेला असेल. वायर तुमच्या पायाशी, पायपुसण्याखालून जाते. कळतंय का?"

"कळतंय." तो दोरीकडे पाहत राहिला. "वहिनी, अकरा वर्षं मी सगळ्यांना साहेब म्हणतोय. कँटीनवाल्यालासुद्धा. एकदा तरी मला कुणी कायमचा म्हणावं."

वहिनींनी त्याच्या हातातला शर्ट घेतला, झटकला आणि चिमटे लावले. पण सोमवारी सकाळी त्यांनी नोंदवही मागवली, ठराव पुन्हा एकदा वाचला आणि पट्टी बसवली. मग स्वतःच्या खणातून तीसचा एक साधा फ्यूज काढला आणि बॅटरीपासून वीतभरावर, पट्टीच्या आधी, तोही बसवून टाकला. ठरावात न उडणारा फ्यूज बसवावा असे होते. त्यापुढे उडणारा बसवू नये, असे कुठेच नव्हते. 'काम पूर्ण' असे लिहून त्यांनी सही केली आणि भाऊजीला म्हणाल्या, "निम्म्याच्या वर नेऊ नका. बाकी मी बघते."

दोन आठवडे भाऊजीने आवाज निम्म्यावर ठेवला आणि काही बिघडले नाही. समितीने आपले अभिनंदन करणारा ठराव केला. तेवढ्यात विद्युत सुरक्षा सप्ताह आला.

उद्घाटन दुरुस्तीशाळेच्या पटांगणात होते. एका बाजूला सुरक्षा साहित्याचे प्रदर्शन, समोर खुर्च्या, मधोमध ध्वनिवाहन. संचालक माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी बोटाने 'वर, वर' अशी खूण केली. भाऊजीने वहिनींकडे पाहिले. संचालकांनी पुन्हा खूण केली. भाऊजीने बटण शेवटपर्यंत फिरवले.

"नागरिकहो!" पटांगणावरची कबुतरे उडाली. "विजेशी खेळू नका! आपल्या घरातली वायर, आपल्या घरातला—"

इथे तीसचा फ्यूज, नेमून दिल्याप्रमाणे, गेला. संचालकांचे ओठ हलत राहिले. डिकीतला आवाज गेल्यावर त्यांचा स्वतःचा आवाज उरला. तो बारीक होता आणि किंचित नाकातून येत होता.

"हां," पहिल्या रांगेतले एक आजोबा समाधानाने म्हणाले, "आता नीट ऐकू येतंय."

लोक हसले. कुणीही हसले नसते तर पुढचे कदाचित टळले असते.

चौकशी त्याच दुपारी सुरू झाली. बॉनेट उघडल्यावर पट्टी शाबूत सापडली आणि तिच्या आधी बसवलेला जळका फ्यूजही सापडला. समितीने वहिनींना समोर बसवले.

"हा अनधिकृत फ्यूज तुम्ही बसवलात?" उपसंचालकांनी विचारले.

"हो."

"म्हणजे संचालकांचं भाषण तुम्ही बंद पाडलंत."

"मी गाडी वाचवली साहेब."

"कशापासून?"

"आगीपासून."

"आग लागली होती?"

"नाही."

"कधीच?"

"फ्यूज होता म्हणून नाही लागली."

उपसंचालकांनी समजूतदारपणे मान डोलावली. "बघा, न लागलेल्या आगीची नोंद आपल्याकडे होत नाही. बंद पडलेल्या भाषणाची झाली आहे. तुमच्या बाजूने काही पुरावा असेल तर द्या. विभाग अन्याय करत नाही."

"पुरावा म्हणजे?"

"आग," आस्थापना अधिकारी बाई म्हणाल्या.

अशा रीतीने, वहिनींना आपली बाजू मांडण्याची पूर्ण संधी मिळावी म्हणून, चाचणी ठरली. तीसचा फ्यूज काढायचा, पट्टी ठेवायची आणि स्पीकरमधून इशाऱ्याच्या भोंग्याचा अखंड आवाज पूर्ण क्षमतेने एक तास वाजवायचा. चाचणीच्या वेळी चालकाने जागेवर असणे बंधनकारक होते. तास पुरा होण्याआधी वाहन सोडल्यास ती 'वाहन बंद' अशी नोंद, म्हणजे भाऊजीची बारावी, धरली जाणार होती.

वहिनींनी अग्निशामक नळकांडे मागितले. सहा नळकांडी समोरच होती, पण ती सप्ताहाच्या प्रदर्शनात मांडलेली होती आणि प्रदर्शनातील वस्तूंना हात लावू नये अशी पाटी होती. तेव्हा वहिनींनी बॉनेट उघडे ठेवले, हातात दहा नंबरचा पाना घेतला आणि त्या बॅटरीशेजारी उभ्या राहिल्या. चाचणीभर त्या तिथून हलल्या नाहीत.

गुरुवारी सकाळी साडेदहाला भोंगा सुरू झाला. समिती वीस पावलांवर मंडपात बसली होती. त्यांच्या कानांत कापसाचे बोळे होते. दहाव्या मिनिटाला वहिनींनी वायरीजवळ हात नेला आणि लगेच मागे घेतला. सोळाव्या मिनिटाला त्यांनी मंडपाकडे पाहून हाताने फुली दाखवली. भांडारपालांनीही प्रेमाने हात हलवला.

तेविसाव्या मिनिटाला भाऊजीच्या पायाशी पायपुसण्याच्या कडेने धूर निघाला. तो आधी पांढरा होता, मग पिवळट झाला. भाऊजीने पाय वर उचलले आणि काचेतून मंडपाकडे पाहिले. आस्थापना अधिकारी बाईंनी घड्याळ पाहिले आणि बोटांनी सांगितले: सदतीस मिनिटे.

"भाऊजी, उतरा!" वहिनी ओरडल्या.

"नोंद होईल वहिनी!" तो आतून ओरडला. तो खोकत होता, सीटवर मांडी घालून बसला होता आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होता, जणू गाडी कुठे तरी निघालीच होती.

"खड्ड्यात गेली नोंद! इंजिन बंद करा आणि उतरा!"

त्याच वेळी वायरचे आवरण पत्र्याच्या भोकापाशी वितळले, तांबे पत्र्याला टेकले आणि निळसर ठिणगी उडून ज्वाळा वर आली. भाऊजीने किल्ली फिरवली. वहिनींनी जळत्या वायरवरून हात घालून बॅटरीचा नट फिरवला, एक वेढा, दोन वेढे, आणि तार उपटून काढली. भोंगा थांबला. त्या शांततेत वहिनींचा स्वतःचा आवाज सगळ्या पटांगणाला ऐकू आला. तो शब्द इथे देता येणार नाही. मग त्यांनी दार उघडले आणि भाऊजीची कॉलर धरून त्याला बाहेर ओढले. दोघे दहा पावले पळाले आणि फरशीवर बसले. मागे सीट पेटली, छत पेटले, डिकीतले स्पीकर एकेक करून वितळले.

भाऊजीची पँट गुडघ्यापर्यंत जळाली होती. वहिनींच्या उजव्या तळहाताची कातडी पान्याला चिकटून राहिली होती. भाऊजी त्या हाताकडे पाहत होता आणि लहान मुलासारखा रडत होता. "मी उतरायला पाहिजे होतं वहिनी. मी उतरायला पाहिजे होतं."

"पाहिजे होतं," वहिनी म्हणाल्या. "आता पाणी आणा."

पुरावा मिळाला होता. त्याबद्दल समितीत मतभेद नव्हते. अहवाल दहा दिवसांत आला आणि तो कुणालाही न दुखावणारा होता. वाहन जळाले ते तीसचा फ्यूज काढल्यानंतर, ही वस्तुस्थिती त्यात मान्य करण्यात आली होती. म्हणजेच वाहनाला त्या अनधिकृत फ्यूजची सवय लागली होती, आणि ती सवय कोणी लावली हे उघड होते. शिवाय चाचणीच्या आरंभापासून श्रीमती वहिनी हातात पाना घेऊन बॅटरीशेजारी उभ्या होत्या. आग लागणार हे त्यांना आधीच ठाऊक असल्याशिवाय कोणी असे उभे राहत नाही, हा मुद्दा आस्थापना अधिकारी बाईंनी स्वतंत्र टिपणाद्वारे नोंदवला. राखेतून काढलेली तांब्याची पट्टी मात्र जशीच्या तशी होती. संपूर्ण वाहनात आपले काम चोख बजावणारा तो एकमेव भाग असल्याने पुरवठादाराला प्रशस्तिपत्र देण्यात आले आणि विभागाच्या उरलेल्या सर्व गाड्यांसाठी तीच पट्टी मंजूर झाली.

भाऊजी कायम झाला. त्या महिन्याअखेर यादी पाहिली गेली तेव्हा ध्वनिवाहन अस्तित्वातच नव्हते, आणि नसलेल्या वाहनाच्या जुन्या नोंदी वाहनाबरोबरच निर्लेखित झाल्या होत्या. त्याला नेमणुकीचे पत्र मिळाले आणि बसायला पटांगणातली ती काळी पडलेली जागा मिळाली. तो रोज दहाला तिथे खुर्ची टाकतो. नवे वाहन मंजूर व्हायचे आहे. पत्र मिळाले त्या दिवशी त्याने ते वहिनींच्या मांडीवर ठेवले आणि त्यांना घास भरवता भरवता म्हणाला, "वाचून दाखवू?" वहिनी म्हणाल्या, "नको, आधी जेवू दे." पण थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच डाव्या हाताने ते उलगडले.

उजव्या हाताने पाना धरता येत नसल्याने वहिनींना वायरिंगमधून काढून घरोघरच्या विद्युत सुरक्षा सर्वेक्षणावर टाकण्यात आले. प्रश्न एकच: 'गेल्या वर्षभरात आपल्या घरातील फ्यूज किती वेळा उडाला?' उत्तर 'एकदाही नाही' असेल तर त्या घराच्या दारावर 'सुरक्षित घर' असा हिरवा कागद चिकटवायचा.

गेल्या आठवड्यात दुपारी त्या तुमच्याकडे आल्या होत्या. हाताला पट्टी बांधलेली, डाव्या हाताने हळूहळू लिहिणारी बाई. तुम्ही दार अर्धेच उघडले होते. तुम्ही म्हणालात, "एकदाही नाही. पूर्वी उन्हाळ्यात फार उडायचा हो, वैताग नुसता. मग आमच्या ओळखीच्या एकाने जाडशी तार गुंडाळून दिली. तेव्हापासून कटकट नाही."

त्या म्हणाल्या, "एकदा बघू का?"

"कशाला उगाच? चालतंय ना."

त्यांनी रकान्यात शून्य लिहिले, तुम्ही न वाचता सही केलीत, हिरवा कागद दारावर बसला. निघताना त्या उंबऱ्याशी घुटमळल्या आणि त्यांनी विचारले, "झोपताना दाराला आतून कुलूप लावता का? किल्ली कुठे ठेवता? हाताशी ठेवा."

अनोळखी बाईने घराची किल्ली कुठे असते हे विचारावे, हे तुम्हाला खटकले. खटकणारच. तुम्ही संध्याकाळीच विभागाकडे तक्रार पाठवलीत.

तक्रारीची तातडीने दखल घेण्यात आली आहे. त्या बाई आता कुणाच्याच दारात येणार नाहीत.